चार बोटं

१४ ऑक्टोबर

मामा,

नमस्कार. गुडघे कसे आहेत? तेल लावता की नुसतं बाटलीकडे बघता?

एक बातमी आहे. रविवारी राष्ट्रीय फुटबॉल चषकाच्या पहिल्या फेरीत आपला संघ जिंकला. या चषकात एक हार म्हणजे घरी, आणि आपण दरवर्षी ऑक्टोबरातच घरी असतो. या वेळी नाही. दोन-शून्य. दोन्ही गोल उजव्या बगलेवरून, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेनं झाले. बेकरीत काम करणारा एक जण आपल्याकडे आहे, त्याला सगळे पाववाला म्हणतात. पूर्वेच्या भिंतीला लागून तो असा सुटतो की मागच्याला त्याच्या पाठीवरचा आकडाही वाचता येत नाही. सामना संपल्यावर गोली, म्हणजे आमच्या शाळेचे गणिताचे मास्तर, मुद्दाम माझ्याजवळ आले. म्हणाले, "अर्धा गोल तुझा. अशी कोरडी बगल देशात नसेल." सतरा वर्षं मी या मैदानाचं गवत राखतो आहे. गोल माझ्या नावावर कुणी लावला नव्हता.

पुढचं लिहावं की नाही, असं दोन दिवस चाललं होतं. पूर्वेची भिंत, तुम्ही बांधलेली. तिच्यामागच्या भरावावर एरवी शंभर माणसं उभी असतात, त्या दिवशी हजार होती. दुसऱ्या गोलला ती सगळी एकदम उडाली. मी खाली मैदानात भिंतीला पाठ टेकून उभा होतो. पाठीला काहीतरी कळलं. धक्का नव्हता. बंद दाराला पलीकडून कुणी हलकेच रेलावं तसं. सोमवारी पाहिलं तर मधोमध, माझ्या छातीच्या उंचीवर, एक तडा आहे. त्यात नखही जात नाही.

तुमच्या भिंतीला काही होणार नाही हे मला माहीत आहे. तरी विचारतो.

तुमचा,
गवत्या


१९ ऑक्टोबर

गवत्या,

आशीर्वाद. तेल लावतो. गुडघ्यांना अजून पटलेलं नाही.

तडा झोपलेला आहे की चालता, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. काच लाव. खिडकीच्या फुटक्या काचेची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी काप. तड्यावर आडवी ठेव आणि दोन्ही टोकं सिमेंटनं दगडाला पक्की कर. अशा तीन लाव. तडा झोपलेला असेल तर काच राहील. चालत असेल तर तुटेल. लाकूड वाकतं, पत्रा वाकतो, काच वाकत नाही. म्हणून तिला विचारायचं.

दुसरं. सोबत माझा ओळंबा पाठवला आहे. भिंतीच्या माथ्यावरून सोड. ती भिंत मी मागे रेलून बांधली, आरामखुर्चीत बसल्यासारखी. त्यामुळे दोरी पायथ्याच्या दगडाला टेकली पाहिजे. टेकत नसेल तर दोरी आणि दगड यांच्यामध्ये किती बोटं जातात ते मोज. एक गेलं तर माझी चूक धर. दोन गेली तर भिंत पोट काढते आहे. चार बोटं झाली की तिच्यापुढे उभं राहायचं नाही आणि वर कुणाला उभं राहू द्यायचं नाही. हे मला माझ्या उस्तादानं सांगितलं. त्याला ते त्याच्या भावामुळे कळलं होतं.

तिसरं. पायथ्याशी चौदा भोकं ठेवली आहेत, भरावातलं पाणी बाहेर पडायला. भिंत माणसांना भीत नाही, पाण्याला भिते. भोकं वाहतात ना? बगल कोरडी आहे असं लिहिलंस म्हणून विचारलं. मी बांधत होतो तेव्हा तिथे बेडूक असायचे.

ओळंबा काम झालं की परत पाठव. चाळीस वर्षं तो माझ्या खिशात होता. खिसा हलका लागतो.

मामा


११ नोव्हेंबर

मामा,

ओळंबा मिळाला. त्याच दिवशी सोडला. दोन बोटं.

काचा लावल्या. तिन्ही पंधरा दिवस राहिल्या आणि मी पुन्हा नीट जेवायला लागलो होतो.

परवा दुसरी फेरी झाली, गिरणीवाल्यांशी. तीन हजार माणसं आली. मी सामना पाहिला नाही. भिंतीकडे तोंड करून उभा होतो. वरून कुणीतरी ओरडलं, "अरे गवत्या, खेळ मागे चाललाय." मोठा हशा झाला. पंधराव्या मिनिटाला पाववाला माझ्या पाठीमागून गेला, त्याच्या श्वासाचा आवाज आला, मग वर सगळी माणसं उडाली आणि मधली काच तुटली. इतक्या गोंगाटात तो आवाज मला ऐकू आला.

मग गिरणीवाल्यांनी बरोबरी केली. मामा, मला फार बरं वाटलं. इतकं की माझी मलाच लाज वाटली. सगळं गाव जिंकायला बसलेलं आणि मी एकटा मनात म्हणतो आहे, हरा रे, आता पुरे. शेवटच्या मिनिटाला आपण जिंकलो. धाकटी धावत आली आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बाबा, आपणच जिंकलो ना?"

संघाच्या चिटणीसांना सांगितलं. तुटलेली काच दाखवली. ते म्हणाले, "भिंत तीस वर्षं उभी आहे. संघ तीस वर्षांत पहिल्यांदा उभा राहिलाय. तू सांग, आधी कुणाकडे बघू?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काच तुझी, हात तुझा. चिकटवताना दाबली गेली असेल."

भोकांचं विचारलंत. भोकं जिथल्या तिथे आहेत. बगलेला मी वाळू मिसळली आहे, त्यामुळे पाणी राहत नाही.

इथे पाऊस लागून राहिला आहे.

गवत्या


१६ नोव्हेंबर

गवत्या,

तुझं पत्र आल्यापासून मी झोपेचं नाव काढलेलं नाही. दिवसा डोळा लागला की भिंत दिसते.

भोकं वाहत असतील आणि तरीही भिंत पुढे येत असेल, तर पाणी नव्हे. मग एकच कारण उरतं आणि ते मला माहीत आहे. तीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही. तुझ्या मामीलाही नाही.

मधल्या तीस हातांचा पाया खडकावर नाही. दोन्ही बाजूंना खडक लागला. मध्ये चिकणमाती होती. अजून पुरुषभर खणायला हवं होतं. उद्घाटनाला बारा दिवस उरले होते, मोठी माणसं यायची होती, आणि मुकादम रोज काठावर येऊन नुसता उभा राहायचा. मी मातीवर मोठे दगड टाकले, ठोकून घेतले आणि वर बांधत गेलो. त्या वेळी मनाशी म्हटलं, भोकं चांगली ठेवली आहेत, माती कोरडी राहील, कोरडी माती खडकासारखीच. ते खरंही होतं. पण आता भोकं वाहूनही जर असं होत असेल, तर माझी माती सरकते आहे.

लोक ती भिंत बघून म्हणायचे, गवंडी म्हणजे हा. मी ऐकून घ्यायचो.

चिटणीसांना आजच पत्र टाकलं आहे. सगळं लिहिलं. पूर्व बाजू बंद करा म्हणून हात जोडले. तू भिऊ नकोस. यात तुझा काही दोष नाही.

मामा


१६ डिसेंबर

मामा,

उत्तराला उशीर झाला. कारण होतं, ते पुढे लिहितो. जमलं तर.

तुमचं पत्र चिटणीसांनी कचेरीत सगळ्यांसमोर वाचलं. कुणी हसलं नाही, पण नंतर चिटणीस म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला आपल्या हातून काहीतरी मोठं झालंय असं वाटावं लागतं. चांगलं नाही तर वाईट." तरी त्यांनी नगरपालिकेचा अभियंता बोलावला. अभियंता यायच्या आदल्या दिवशी मला भिंतीला चुना मारायला सांगितलं. पाहुणा येणार तर घर नीट दिसावं, एवढंच म्हणाले. मी मारला, मामा. तड्यावर मारला, काचांवरही मारला. अभियंता छत्री घेऊन भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, एका जागी हातानं थोपटलं, आणि बोटाला लागलेला चुना रुमालाला पुसला. "वयाच्या मानानं उत्तम," म्हणाला. मला ओळंबा दाखवायचा होता. माझ्या खिशातच होता.

आता काचा दिसत नाहीत. मी रोज सकाळी चुन्यावरून बोट फिरवतो. खालची तुटली आहे. वरची अजून आहे.

तिसरी फेरी परगावी होती. देवा, सुटलो, असं म्हटलं. संघ ट्रकमधून गेला, मी मागे राहिलो, आणि रविवारभर रिकाम्या मैदानावर गवत कापत बसलो. तो या मोसमातला माझा एकच चांगला दिवस. संध्याकाळी निकाल आला, एक-एक. बरोबरी झाली की सामना पुन्हा, दुसऱ्याच्या मैदानावर. म्हणजे आमच्या. बुधवारी झाला. पाच हजार लोक, वर पाऊस. आपण जिंकलो. उजव्या बगलेवरून.

आता शेवटचे आठ. २५ जानेवारी, आमच्याच मैदानावर, बंदरवाल्यांशी. ते गेल्या वर्षीचे विजेते. आठ हजारांची तयारी चालू आहे. भरावावर फळ्या टाकून आणखी तीन पायऱ्या करताहेत. मास्तरांनी शाळेतल्या दोनशे मुलांसाठी पूर्वेच्या कठड्याची पहिली रांग मागून घेतली. भिंतीच्या माथ्यावर. लहान मुलांना मागून दिसत नाही, म्हणून. धाकटीचा वर्ग त्यातच आहे. ती कागदाचा झेंडा रंगवते आहे.

तीन बोटं.

गवत्या


१० जानेवारी

गवत्या,

मी २५ तारखेला येतो आहे. सूनबाई नको म्हणते, मुलगा नको म्हणतो. त्यांना मी सामना बघायला जातो असं सांगितलं आहे. म्हाताऱ्याला चळ लागला असं म्हणून ते गप्प झाले.

चिटणीस ऐकत नाही, अभियंता बघत नाही. मला दुसरं काही सुचत नाही. सामना चालू असेल तोपर्यंत मी भिंतीच्या पुढे, मधल्या तीस हातांत, पायथ्याशी बसून राहीन. मला तिथून हलवायला आले तर का बसलो ते मोठ्यानं सांगेन. नाही आले तर बसून राहीन. ज्यानं बांधली त्यानं तिच्याखाली असावं, यात कुणाला वावगं वाटायचं कारण नाही.

मला बसथांब्याच्या उतारावर घ्यायला ये. तेवढं जमत नाही आता.

मामा


१७ जानेवारी

मामा,

टपालावर भरवसा नाही, म्हणून हे पत्र बसच्या चालकाच्या हाती देतो आहे. तो उत्तर घेऊनच परत येईल.

तुम्ही येऊ नका. तिच्याखाली बसायचंच तर मी बसायला हवं.

भोकं वाहत नाहीत. तीन वर्षांपूर्वी मी ती बुजवली. चौदाही. गोणपाट कोंबलं, वरून सिमेंट भरलं, आणि पायथ्यापर्यंत गवताची चादर आणून लावली. पावसाळी दिवसांत ती बगल म्हणजे चिखल असायची. किती बी पेरलं तरी कुजायचं. पाहुणे संघ हसायचे, या मैदानाला उजवा हात नाही म्हणायचे. मी पाणी कुठून येतं ते शोधलं, भोकं सापडली, आणि मला वाटलं, नळ गळतो तसं आहे हे, कुणी बंदच केलं नाही. बुजवल्यावर महिनाभरात गवत असं आलं की मी त्यावर अनवाणी चाललो. पाववाला त्याच गवतावरून पळतो. आपण त्याच गवतानं जिंकलो.

तुम्ही पहिल्याच पत्रात विचारलंत आणि मी लिहिलं, जिथल्या तिथे आहेत. ते खोटं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत राहिलो. मग तुमचं पायाबद्दलचं पत्र आलं. ते वाचून मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो. दोन महिने मी तुम्हाला तुमच्या तीस हातांत जळू दिलं. भीती वाटत होती. नोकरीची वाटत होती, घराची वाटत होती, ज्या गावानं पहिल्यांदा माझं नाव घेतलं त्याची वाटत होती. सगळ्यात जास्त तुमची.

आता साडेतीन बोटं आहेत. काल वरची काच गेली. आठ दिवस उरलेत.

काय करू, ते सांगा. शिव्या नंतर द्या.

गवत्या


१८ जानेवारी

गवत्या,

चालक बाहेर गाडी चालू ठेवून उभा आहे, म्हणून शिव्या नंतरच.

भिंतीमागे आता तीन वर्षांचं पाणी आहे आणि खाली माझी माती भिजून लोणी झाली आहे. तुझं पाणी नसतं तर माझी माती राहिली असती. माझी माती नसती तर भिंतीनं तुझं पाणी सोसलं असतं. कुणाचं किती, ते पुढे कधीतरी ठरवू.

आधी चिटणीसांना खरं सांग. माझ्यापाशी कबूल केलंस, तसंच. ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं तर भोकं उघड.

कसं ते नीट वाच. दिवसा कर, उजेडात. वर कुणी नसेल तेव्हा कर. दोन्ही टोकांकडून सुरू कर, एक डावीकडचं, एक उजवीकडचं, आणि मधली चार सगळ्यात शेवटी. भोकासमोर बसायचं नाही. बाजूला बसून पहार तिरकी घाल. एक उघडलं की पाणी गढूळ येईल. ते स्वच्छ होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नकोस. माती बाहेर यायला लागली तर थांब. आणि दगड बोलतो. पडायच्या आधी बोलतो. सुपारी फुटल्यासारखा आवाज आला तर पहार तिथेच टाक आणि पळ. पहार घ्यायला वळू नकोस. उस्तादाचा भाऊ वळला होता.

पाणी तुझ्या गवतावर येईल. ते जाईल. तुला कळतं आहे ना?

मामा


२५ जानेवारी, संध्याकाळ

मामा,

आम्ही घरचे तिघंही सुखरूप आहोत. हे आधी लिहितो.

शुक्रवारी चिटणीसांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सोमवारी बोलू." मी म्हटलं, सामना रविवारी आहे. ते म्हणाले, "म्हणूनच सोमवारी."

काल दुपारी सराव संपला. फळ्या ठोकणारे सुतार जेवायला गेले. मी फाटकाला आतून कडी लावली, पहार घेतली आणि ओळंबा सोडला. बोटं घातली. चार गेली. अंगठ्याजवळची, करंगळीपर्यंत. चारही सैल गेली.

मला पळून जावंसं वाटलं. फाटकापर्यंत गेलोही. कडी मीच लावलेली, ती बघून परत आलो.

पहिल्या भोकाचं सिमेंट निघायला वेळ लागला. मी चांगलं काम केलं होतं. गोणपाट ओढलं आणि काळं पाणी आलं, त्याला वास होता. मी बाजूला बसून ते स्वच्छ व्हायची वाट बघत होतो आणि भिंत माझ्या कानापासून हातभर होती. तिच्या आत आवाज चालू होता. कुणी झोपेत दात खावेत तसा. मी भिंतीशी बोलत होतो, मामा. धाकटीला ताप असला की बोलतो तसं.

दहा भोकं झाली तेव्हा चार वाजून गेले होते. मग मधली चार. बाराव्याचं गोणपाट मी ओढलंच नाही, पाण्यानं ते आपणहून फेकलं. ते समोरच्या गवतावर पंधरा हातांवर जाऊन पडलं. तेव्हाच सुपारी फुटली. एकदाच.

मी पहार टाकली आणि पळालो. मधल्या वर्तुळापर्यंत पळालो आणि तिथे खाली बसलो. भिंत पडली नाही. दोन भोकं राहिली होती. मी तिथे किती वेळ बसलो माहीत नाही. मग उठलो, पहार घेतली आणि ती दोन उघडली. तुम्ही वळू नकोस असं लिहिलं होतं. वळलो.

आज सकाळी नऊला पंच मैदान बघायला आले. रात्रभर वाहून उजवी बगल, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तळं झाली होती. नळाला मी हात लावला नव्हता, सगळं भिंतीतलं पाणी. पंचांनी चेंडू हातातून सोडला. तो जिथे पडला तिथेच राहिला. ते दोन पावलं चालले, घोट्यापर्यंत रुतले, आणि म्हणाले, "इथे आज कुणी खेळणार नाही." सामना बुधवारी, बंदरवाल्यांच्या मैदानावर.

फाटकाबाहेर आठ हजार माणसं होती. मुलं रांगेत होती. धाकटीच्या हातात झेंडा होता. सगळी घरी गेली, मामा. सगळी चालत घरी गेली. त्यांना निरोप द्यायला मी फाटकात उभा होतो आणि मोजत होतो, जणू मला आकडा माहीत होता.

गवत्या


२ फेब्रुवारी

गवत्या,

पत्र तीनदा वाचलं. सूनबाईनं डोळे बघून विचारलं, कोण गेलं? म्हटलं, कुणी नाही. म्हणून तर.

आता ते तुला विचारतील. तू म्हण, म्हाताऱ्यानं पाया खोटा घातला, त्यानंच भोकं उघडायला सांगितलं. सगळं माझ्यावर टाक. मला आता कोण काय करणार? तुझ्यापुढे नोकरी आहे, पोर आहे.

शिव्या द्यायच्या राहिल्या. शोधतो आहे. सापडत नाहीत.

मामा


१७ मार्च

मामा,

तुमच्यावर काही टाकलं नाही. जे होतं ते सांगितलं. त्याचा उपयोग झाला नाही.

बंदरवाल्यांकडे आपण चार-शून्य हरलो. त्यांच्या मैदानाची बगल खडबडीत आहे, पाववाला दोनदा पडला. मी रस्त्यात दिसलो की तो पलीकडच्या बाजूनं जातो. पावाचं दुकान आम्ही बदललं. चिटणीसांनी एकच विचारलं, "बंदरवाल्यांशी तुझं काय ठरलं होतं?" मी ओळंबा टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "हे काय आहे?"

भिंत उभी आहे. गाव तिच्याकडे बोट दाखवतं आणि मग माझ्याकडे. कधी मलाही वाटतं, दोन तासांचा सामना होता, उभी राहिली असती. मग चार बोटं आठवतात आणि हात खिशात घालतो.

आम्ही दुसरीकडे आलो आहोत. इथे एका बागेत काम मिळालं. गवत आहे, भिंत नाही. धाकटी अजून विचारते, आपण मुद्दाम हरलो का? मी हो म्हणतो.

निघायच्या आधी चिटणीसांना न सांगता एक केलं. ओळंबा अवजारांच्या खोलीत दारामागे टांगला. खाली चिठ्ठी लावली. भोकं बुजवू नकोस, दर आठवड्याला दोरी सोड, चार बोटं झाली तर या पत्त्यावर लिही. पत्ता तुमचा दिला. माझा दिला असता तर कुणी लिहिलं नसतं. तुमचा खिसा रिकामाच राहिला, माफ करा.

गवत्या


२४ सप्टेंबर

आदरणीय काका,

तुम्ही मला ओळखत नाही. एप्रिलपासून इथल्या मैदानाचं काम माझ्याकडे आहे. अवजारांच्या खोलीत दारामागे एक पितळी वजन आणि चिठ्ठी होती. आधीच्या माणसाबद्दल इथे बरं बोलत नाहीत, म्हणून मी कुणाला दाखवली नाही. पण दोरी सोडतो. पहिल्यांदा सोडली तेव्हा साडेतीन बोटं होती, ती तशीच राहिली. गेल्या महिन्यापासून वाढली. काल चार झाली. माझी बोटं जरा जाड आहेत, तेही धरा.

चिठ्ठीतलं सगळं मी पाळलं आहे. भोकं जिथल्या तिथे आहेत. चिटणीस मैदानाच्या बाबतीत फार काटेकोर आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाले, यंदा उजवी बगल कोरडी पाहिजे. देवाच्या दयेनं गवत चांगलं आलं आहे. बघणारे थांबून बघतात.

११ ऑक्टोबरला चषकाची पहिली फेरी आहे, आमच्या मैदानावर. गेल्या वर्षीमुळे गर्दी मोठी होईल असं म्हणतात. पाऊस चालू आहे.

भिण्यासारखं काही नसेल, तरी विचारतो.

आपला,
मैदानाचा राखणदार


२ ऑक्टोबर

बाळा,

ती भोकं कशानं बुजवलीस आणि कुणी सांगितलं, ते लिहू नकोस. मी विचारत नाही.

सोबतचा दुसरा कागद जुना आहे. मी अठरा जानेवारीला एकाला लिहिला होता, तो मागवून घेतला. भोकं कशी उघडायची ते त्यात आहे. भाषा रागाची आहे, ती तुझ्यासाठी नाही. मी पोचेपर्यंत हात लावू नकोस. तोपर्यंत भिंतीपुढे उभा राहू नकोस आणि वर कुणाला जाऊ देऊ नकोस.

ज्याला तो कागद लिहिला होता, तो आणि मी रविवारच्या बसनं येतो आहोत. त्याला तिथे कुणी ओळखलं तर ओळखू दे. पहार त्याच्याकडे आहे. आम्हाला उतारावर घ्यायला ये.

गवत्याचा मामा